हे वाक्य माझं नाही

कॉलेजच्या सूचना फलकावर तो कागद आठ दिवस तरी लावलेला होता. 'अंध विद्यार्थिनीला वाचून दाखवण्यासाठी मुलगी हवी. मराठी स्वच्छ वाचता आलं पाहिजे. आठवड्यातून तीन दुपारी.' येता-जाता मी तो वाचत होते आणि पुढे जात होते. २०१३ चा जुलै होता. बार्शीहून पुण्याला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. एफवाय बीकॉमला प्रवेश घेतला होता, संध्याकाळी सीए प्रवेशाचा सीपीटीचा क्लास लावला होता. वडिलांचं बार्शीच्या मार्केट यार्डात अडतीचं दुकान. घरातलं कुणीतरी सीए व्हावं हे मी चौथीत असल्यापासून त्यांनी ठरवून ठेवलं होतं आणि माझ्याही मनात दुसरं काही नव्हतं.

त्या कागदाच्या मागे मी गेले ती एकटेपणामुळे. दुपारी होस्टेलवर कुणी नसायचं, पावसामुळे बाहेर पडता यायचं नाही, आणि दिवसभरात कुणाशी चार वाक्यं बोलणं होत नव्हतं. वाचायला तर वाचायचं, असं म्हणून ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत गेले.

ती टीवायला होती, इतिहास स्पेशल. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी पुढे, म्हणून मी पहिल्याच वाक्यात तिला ताई म्हणाले आणि तेच कायम राहिलं. तिने माझ्यापुढे झेरॉक्सचा गठ्ठा सरकवला. "कुठूनही वाच." मी पानिपत काढलं. शाळेत वक्तृत्वाच्या स्पर्धांमध्ये मी बक्षिसं मिळवलेली होती, त्याच आवाजात सुरू केलं. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, चौदा जानेवारी सतराशे एकसष्ट. अर्ध्या पानावर तिने हात वर केला.

"छान वाचतेस. पण मला पानिपत ऐकायचं नाहीये, पाठ करायचंय. आवाज सरळ ठेव. सनावळी आली की एकदा थांब. पान बदललं की सांग. आणि कंस आला तर कंस म्हण, गिळून टाकू नकोस."

मला राग आला नाही. तिला नेमकं काय हवंय हे तिला माहीत होतं आणि ते तिने सांगितलं, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. माझ्या घरी, माझ्या शाळेत मुली असं सांगत नसत.

पुढचे तीन महिने मी सोमवार, बुधवार, शुक्रवार वाचत होते. तिच्या अडचणी मला एकेक करून कळत गेल्या. कॉलेजच्या एका संगणकावर एनव्हीडीए होतं, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं, विनामूल्य मिळणारं सॉफ्टवेअर. मला वाटलं, मग माझी गरजच काय? तिने एक फाइल उघडून दाखवली. सरांच्या नोट्स श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. डोळ्यांना ते स्वच्छ मराठी दिसत होतं, पण संगणक वाचत होता तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोंधळ. मजकूर युनिकोड या संगणकाला अक्षरं ओळखता येणाऱ्या पद्धतीत असेल तरच मशीन मराठी वाचतं, बाकी सगळं तिच्यासाठी कोरं पान. दुसऱ्या विषयाच्या नोट्स पानांचे फोटो काढून पीडीएफ केलेल्या होत्या. तिथे तर मशीन गप्पच बसायचं. इतिहासाची संदर्भ पुस्तकं ब्रेलमध्ये मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पदवीला पोहोचलेल्या मुलीचा सगळा अभ्यास अशा रीतीने दुसऱ्याच्या घशावर अवलंबून होता.

म्हणून मग मी रात्री रेकॉर्डिंग करायला लागले. होस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. तिच्याकडे बोलणारं सॉफ्टवेअर घातलेला जुना नोकिया होता. त्याच्या मेमरी कार्डावर मी धडे भरून द्यायचे. तिला ते दुप्पट वेगाने ऐकता यायचं. मला त्यातलं एक अक्षर कळत नसे आणि ती तेवढ्यात मला सांगायची, "बेचाळीस नंबरच्या पानावर तू एक ओळ सोडलीस. वाक्याचा कर्ता कुठे गेला?" मी पान काढून बघायचे. सुटलेली असायची.

नकाशाची दुपार मी कधीच विसरणार नाही. पानिपतचा नकाशा शब्दांत सांगायला बसले आणि मला जमेना. 'वर', 'खाली', 'इकडे' असले शब्द तिच्या काही उपयोगाचे नव्हते. शेवटी तिनेच माझी ओढणी मागितली आणि टेबलावर लांब पसरवली. "ही यमुना." खोडरबर दिल्ली, त्याच्या उत्तरेला पेनाचं टोपण पानिपत. आता सैन्यं ठेव म्हणाली. मी पुस्तकात बघून सुट्टी नाणी ठेवली आणि ठेवता ठेवता थांबले. अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला होता. म्हणजे मराठे उत्तरेला होते, अब्दाली दक्षिणेला. लढाईच्या दिवशी मराठ्यांची तोंडं दक्षिणेकडे, घराच्या दिशेला होती, आणि वाट अडवून शत्रू उभा होता. पाचवीपासून पानिपत वाचलेलं, भाषणात सांगितलेलं, टाळ्या मिळवलेल्या, आणि हे मला त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं. ताईची बोटं नाण्यांवरून फिरत होती. "परत जाण्यासाठी लढले गं ते," ती म्हणाली. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

ऑक्टोबरात तिची सत्र परीक्षा आली. तिची नेहमीची रायटर, म्हणजे ती सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारी मुलगी, आजारी पडली आणि तिने मला विचारलं. नियमाच्या कागदावर लेखनिक असतं, आमच्यात सगळे रायटरच म्हणायचे. आमच्याकडचा नियम असा होता की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा आणि त्याच विषयाचा नसावा. मी एफवायला, तीही कॉमर्सची, म्हणजे नियमात बसत होते. मी आनंदाने हो म्हणाले. अक्षर चांगलं होतं, शुद्धलेखन पक्कं होतं. रायटरला आणखी काय लागतं, असं मला वाटत होतं.

पेपर सुरू झाला. मी सगळे प्रश्न आधी दोनदा वाचून दाखवले. ती डोळे मिटून ऐकत होती, मग क्रम सांगितला: आधी तिसरा, मग पहिला, मग पाचव्यातला ब. सगळी प्रश्नपत्रिका तिच्या डोक्यात बसलेली होती. मनगटावर एचएमटीचं ब्रेल घड्याळ, काचेचं झाकण उघडून काटे चाचपायचे. दर थोड्या वेळाने टिक् असा त्या झाकणाचा आवाज यायचा.

वसईच्या तहाचे परिणाम हा प्रश्न होता. तिने सांगितलं, "दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली. त्यामुळे मराठ्यांचं स्वातंत्र्य संपुष्टात येण्यास सुरुवात झाली." मी लिहिलं, "मराठ्यांच्या स्वातंत्र्याचा सूर्य अस्ताला निघाला." माझ्या एका भाषणातलं वाक्य होतं ते. मला खरोखर वाटलं होतं की मी तिला काहीतरी देते आहे.

"शेवटचा परिच्छेद वाच," ती म्हणाली.

मी वाचला.

"हे वाक्य माझं नाही."

"ताई, अर्थ तोच आहे. जरा बरं वाटतं म्हणून..."

"खोड."

"अगं, पण छान..."

"खोड म्हणते ना. मी सांगितलेलं लिही."

मी खोडलं. हात थरथरत होता, म्हणून रेघ वाकडी गेली. पुढचा तास मी फक्त तिचे शब्द लिहिले. तिचं एखादं वाक्य लांबलं, क्रियापद दोनदा आलं, तरी तसंच. त्या तासात मला कळलं की आपण माणसाचं बोलणं संपायच्या आत त्याचं पुढचं वाक्य स्वतःच तयार करून ठेवतो. तिने 'त्यामुळे' म्हटलं की माझ्या हातात पुढचे शब्द तयार असायचे. आणि ती दरवेळी वेगळंच काहीतरी म्हणायची.

पेपर संपल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. मला वाटलं होतं ती बोलणार नाही. पण तिनेच विषय काढला. दहावीला तिची रायटर फार हुशार मुलगी होती. ताईला मराठीत वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. शाळेत पेढे वाटले. आणि तिथेच, तिला ऐकू येईल इतक्या जवळ, कुणीतरी म्हणालं, "रायटर हुशार मिळाली असेल."

"त्यातले किती मार्क माझे होते आणि किती तिचे, हे मला अजून माहीत नाही," ताई म्हणाली. "तिने काही बदललं असेल असंही नाही. पण मी वाचून घेतलं नव्हतं ना. आता कसं कळणार?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलंच नव्हतं, तर तुला तरी कसं कळणार?" आणि उठून माझं कोपर धरलं. तिला हाताला धरून ओढायचं नाही, तिने आपलं कोपर धरायचं आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं, पायऱ्या आल्या की वर की खाली ते सांगायचं, हे तोवर मी शिकले होते. लेखनिक होण्यातलं मात्र मला काहीच येत नव्हतं.

त्या रात्री मी झोपले नाही. हे मी सजवून सांगत नाही. आठवीपासून मला जी गोष्ट माझी म्हणून शाबासकी मिळवून देत होती, ती चांगली वाक्यं करण्याची हातोटी, तीच मी एका माणसाच्या तोंडात कोंबली होती, तिला न विचारता, तिच्या भल्यासाठी.

दिवाळीला गावी जाताना मी तिच्याकडून ब्रेलची जुनी पाटी आणि स्टायलस मागून घेतलं. सहा टिंबं, दोन उभ्या ओळींत तीन-तीन. लुई ब्रेलने पंधराव्या वर्षी, १८२४ साली ही पद्धत बसवली. भारतातल्या भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं, म्हणून आपला अ आणि इंग्रजीतला ए दोन्हींना एकच टिंब, पहिलं. पाटीवर कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, मग कागद उलटा करून उठाव डावीकडून उजवीकडे वाचायचे. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं. मला सगळ्यांत आवडली ती पहिली वेलांटी. आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि क नंतर. ब्रेलमध्ये आधी क, मग इ. जसं बोलतो तसं.

माझी बोटं मात्र काही वाचायला तयार होईनात. डोळ्यांनी बघून टिंबं कळायची, डोळे मिटले की सगळा नुसता खरबरीत कागद. ताई त्यावरून मिनिटाला कितीतरी शब्द वाचत जायची.

एप्रिलमध्ये विद्यापीठाची परीक्षा होती. यावेळी तिने दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. अर्ज, अपंगत्वाच्या दाखल्याची प्रत, माझं ओळखपत्र, माझा फोटो, प्राचार्यांची सही, मी त्या विषयाची नाही असं हमीपत्र. हे सगळं महिनाभर आधी देऊनही पहिल्या पेपरला केंद्रावर आमचं पत्र सापडेना. सापडलं तेव्हा पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. आम्हाला प्रयोगशाळेला लागून असलेल्या साहित्याच्या खोलीत बसवलं. मी लिहायला बसले ते टेबल एका पायाने डुगडुगत होतं. पायाखाली मी माझी चप्पल सरकवली.

पर्यवेक्षक माझ्याशीच बोलत होते. "हिचा सीट नंबर काय? हिला सही करता येते का?" ताई समोर बसलेली असताना. मी दरवेळी तिच्याकडे वळून थांबायचे, ती उत्तर द्यायची, आणि पुढचा प्रश्न पुन्हा मलाच. मग ते म्हणाले की जादा वेळ अर्धाच तास मिळेल, इथे असंच चालतं.

ताईने पिशवीतून कागद काढला. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांची ती प्रत होती. तासाला किमान वीस मिनिटं जादा, असं त्यात लिहिलेलं आहे. तीन तासांच्या पेपरला एक तास. ती उभी राहिली. आवाज चढवला नाही. "सर, तिसऱ्या पानावर मी घडी घालून ठेवलीय, तिथे वाचा. आणि सुरुवातीची वीस मिनिटं गेली, ती वेगळी." ते कागद घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "ठीक आहे." त्या दिवशी आम्ही शेवटी निघालो, तोवर शिपाई व्हरांड्यातले दिवे लावत होता.

तिसरा पेपर मराठ्यांच्या इतिहासाचा. तो फार चांगला चालला होता. विशेषनामं ती फोड करून सांगायची, "वेलस्ली, ल अर्धा नाही, स अर्धा." कारण माझी शुद्धलेखनाची चूक तिच्या खात्यावर जाणार होती. दोन तास होऊन गेले. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धावर ती सांगत होती, महादजी शिंद्यांची मध्यस्थी सांगितली आणि म्हणाली, "अठराशे दोन साली सालबाईचा तह झाला."

माझं पेन थांबलं.

सालबाईचा तह १७८२ चा. १८०२ चा वसईचा. तिच्या फोनमध्ये माझ्याच आवाजात ते होतं, सनावळीनंतर एकदा थांबून. जोराने श्वास घेतला असता तरी तिला कळलं असतं, इतकी ती मला ओळखत होती. पर्यवेक्षक खिडकीतून बाहेर बघत होते. एक आकडा होता. सातच्या जागी आठ, आठच्या जागी शून्य.

"लिहिलंस?"

"लिहिते."

मी १८०२ लिहिलं. हात यावेळी थरथरला नाही, पण घसा दाटून आला होता आणि तो आवाजात येऊ नये म्हणून मी गप्प राहिले.

शेवटी तिने सगळा पेपर वाचून घेतला. त्या ओळीपाशी आले. प्रत्येक सनावळीनंतर मी थांबायची, तशीच तिथे थांबले. तेवढीच. कमी नाही, जास्त नाही. "हं, पुढे," ती म्हणाली.

बसथांब्यावर आम्ही उभ्या होतो. ती माझ्या कोपराला धरून उभी होती आणि एकदम तिची बोटं घट्ट झाली.

"सतराशे ब्याऐंशी!"

मी काही बोलले नाही.

"तुला माहीत होतं."

"हो."

"लिहितानाच?"

"हो."

बस आली आणि गेली, आम्ही चढलो नाही. मग ती म्हणाली, "चल, चहा घेऊ. पैसे मी देणार." टपरीवर तिने ग्लास दोन्ही हातांत धरला होता आणि मला तिचा चेहरा इतका मोकळा कधीच दिसला नव्हता. त्या विषयात तिला पहिल्या वर्गाचे गुण मिळाले. निकाल मीच तिला वाचून दाखवला, सरळ आवाजात, आकड्यापाशी थांबून. तिने दोनदा वाचायला लावला.

सीपीटी मी जूनमध्ये दिली नाही. वडिलांना फोनवर सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून गावी गेले. दुकानात तुरीची पोती उतरत होती. मी सांगितलं की बीकॉम पूर्ण करीन, पण पुढे अंध मुलांना शिकवण्याचं शिक्षण घ्यायचं आहे. ते बराच वेळ पावत्या लावत बसले. मी त्यांचं नाव ब्रेलमध्ये टोचून नेलं होतं, तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला, मग तर्जनी.

"मला काय कळंना यातलं. तुला कळतं का?"

"डोळ्यांनी कळतं. बोटांनी अजून नाही."

"मग शीक की नीट," ते म्हणाले आणि कागद गल्ल्यात ठेवला.

बीकॉमनंतर मी दृष्टिबाधितांच्या शिक्षणातलं विशेष बीएड केलं. ताई एमए करून आज इतिहासच शिकवते, अजून फोनवर मला सनावळ्या विचारते. माझी बोटं आता वाचतात, हळू, पण वाचतात.

दर फेब्रुवारीत आमच्या दहावीच्या मुलांसाठी शेजारच्या शाळेतल्या नववीच्या मुली लेखनिक म्हणून येतात. परीक्षेआधी मी त्यांना दोन दिवस बसवते आणि उतारा सांगते. त्यात एक चूक मुद्दाम घातलेली असते. गेल्या वर्षी दोन वेण्या घातलेली, सुंदर अक्षराची एक मुलगी मध्येच थांबली.

"बाई, ही तारीख चुकलीय."

"हो ना?" मी म्हणाले. "लिही."